संपाशिवाय समुद्र

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सभागृहात झालेल्या ‘आपले सभासद, आपले छंद’ या कार्यक्रमातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीट लिहून दिले आहे. – लेखक)



मला पंधरा मिनिटे दिलेली आहेत. माझ्या आधी ज्यांनी बोन्सायवर सांगितलं त्यांना तीस लागली, तेव्हा मी वीस घेतली तर चालवून घ्या.

विषयाचं नाव ऐकून काही जण हसले. हसण्यासारखंच आहे. मी अडतीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे ‘संप’ म्हटलं की मला गेटवरचा मंडप आणि घोषणा आठवतात. हा संप तो नव्हे. आपल्या बिल्डिंगला खाली एक टाकी आहे आणि गच्चीवर एक. खालचं पाणी पंप वर चढवतो, वरचं पाणी पाइपाने खाली येतं. समुद्री मत्स्यालयवाले घरात नेमकं हेच करतात. दिवाणखान्यात दिसते ती शोभेची टाकी, आणि तिच्या खालच्या कपाटात दुसरी, लपवलेली. वरचं पाणी ओसंडून खाली येतं, तिथे गाळलं जातं आणि पंपाने परत वर जातं. या खालच्या टाकीला संप म्हणतात. चांगली सोय आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण माझ्या घरात ती नाही, आणि का नाही ते सांगायला मी उभा आहे. गेली सात वर्षं लिफ्टमध्ये मला एकच प्रश्न येतो, “काका, तुमच्या त्या समुद्राचं वजन किती?”

तर आधी वजन. माझी टाकी २ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. साडेचार घनफूट. एका घनफुटात २८ लिटरच्या थोडं वर पाणी मावतं, म्हणजे काठोकाठ १२७ लिटर. ती काठोकाठ भरत नाही आणि आत दगडही असतात, म्हणून प्रत्यक्ष पाणी १०५ लिटर धरा. १० मिलिमीटर जाडीची काच तीसेक किलो, दगड आणि वाळू वीस-बावीस, लोखंडी स्टँड तीसच्या आसपास. सगळं मिळून २०० किलोला थोडं कमी. तीन धट्टेकट्टे पाहुणे एका कोपऱ्यात गप्पा मारत उभे आहेत असं समजा. फरक एवढाच की हे पाहुणे कधी घरी जात नाहीत.

राहत्या खोल्यांसाठी आपल्या मानकात दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरलेला असतो. माझ्या टाकीखालची जागा पाव चौरस मीटरच्या थोडी वर, म्हणजे तेवढ्या तुकड्यावर भार जास्तच पडतो. पण स्लॅब तो भार आजूबाजूला वाटून घेतो, आणि टाकी भिंतीलगत, खाली बीम असेल तिथे ठेवली तर चिंता राहत नाही. हे माझ्या मनचं नाही. स्ट्रक्चरल ऑडिटसाठी इंजिनियर आले होते, त्यांना मी घरी नेऊन जागा दाखवली. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. खोलीच्या मध्यभागी नको, आणि बाल्कनीत तर मुळीच नको. ज्यांच्या मनात पाच-सहा फुटी टाकी असेल त्यांनी माझ्या आकड्यांवर जाऊ नये. आधी इंजिनियरला विचारावं, मग काचवाल्याला.

आता गळती. या विषयावर आपल्या सोसायटीत कोणाला नव्याने सांगायला नको. मी २०१८ साली कमिटीला अर्ज दिला तेव्हा माझ्या खालच्या फ्लॅटमधल्या वहिनींच्या बाथरूमच्या छताची गळती नुकतीच थांबली होती. ती माझी गळती नव्हती, दुसऱ्याच एका पाइपाची होती, पण चार वर्षं पत्रव्यवहार झाला होता. त्या मीटिंगला आल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, गोडं पाणी गळलं तर रंग जातो. तुमचं खारं गळलं तर सळया जातील.” बोलणं अगदी बरोबर होतं. मिठाचं पाणी लोखंडाला वैरीच. त्या दिवशी मी हट्ट धरला नाही. पंधरा दिवस मागून घेतले आणि घरी जाऊन हिशेब मांडला.

संपवाल्या टाकीत चोवीस तास पाणी वरून खाली आणि खालून वर फिरत असतं. वीज गेली की पंप थांबतो, पण वरचं पाणी उतरायचं थांबत नाही. ओसंडायच्या काठापर्यंतचं सगळं खाली येतं. शिवाय वर चढवणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्यात बुडलेलं असेल तर तोच पाइप उलटा चालू होतो, रॉकेलच्या डब्यात नळी टाकून ओढायचो तसा. माझ्या मापाच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे ७ लिटर. ते तोंड चार इंच खोल असेल तर २८ लिटर खाली उतरणार. खालच्या टाकीत २० लिटरचीच जागा मोकळी असेल, तर उरलेलं ८ लिटर खारं पाणी फरशीवर, तिथून सांध्यांत, आणि तिथून वहिनींच्या छतात.

जाणकार लोक यावर उपाय करतात. पाइपाला पाण्याच्या पातळीलगत बारीक भोक पाडतात म्हणजे हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो, आणि खाली पुरेशी जागा रिकामी ठेवतात. पण ते भोक क्षाराने बुजलं नाही ना हे बघत राहावं लागतं. त्यात खालच्या टाकीचं आणखी साठ-सत्तर किलो वजन आणि रात्रभर पाणी कोसळण्याचा आवाज. माझी झोप आधीच पातळ. मी ठरवलं, एकच टाकी. वीज गेली की जे पाणी जिथे आहे तिथेच राहील.

“पण टाकीच फुटली तर?” असं एकाने विचारलं होतं. फुटली तर सांडेल, संप असो वा नसो. म्हणून टाकी आणल्यावर ती साध्या नळाच्या पाण्याने भरून चार दिवस गच्चीवर ठेवली, आणि रोज सकाळी खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद सरकवून पाहिला. कमिटीला लेखी दिलं की खालच्या घराचं काही नुकसान झालं तर खर्च माझा. बँकवाल्याने हमीपत्र लिहिलं म्हटल्यावर वहिनींनी ते दोनदा वाचलं आणि मगच हो म्हणाल्या.

ही बिनसंपाची पद्धत काही माझा जुगाड नाही. जकार्तात राहणाऱ्या ली चिन एंग या गृहस्थांनी १९६१ साली लेख लिहून दाखवून दिलं होतं की समुद्रातले सजीव दगड, भरपूर उजेड आणि नुसते हवेचे बुडबुडे यांवर समुद्री टाकी चालते. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्याला स्किमरची जोड दिली. मुद्दा असा की पाणी शुद्ध करण्याचं मुख्य काम दगड करतो. दगडाच्या बारीक छिद्रांत जिवाणू वस्ती करतात. माशांच्या विष्ठेपासून अमोनिया होतो, तो विषारी. एक जातीचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, तोही विषारीच. दुसरे त्याचा नायट्रेट करतात, तो पुष्कळ सौम्य. मग दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की तोही आटोक्यात राहतो. ही वस्ती नव्या टाकीत बसायला पाच-सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस आमच्याकडे पाणी आणि दगड एवढंच होतं. येणारे-जाणारे नातेवाईक टाकीत डोकावत, मासे शोधत, आणि माझ्याकडे जरा काळजीने बघत.

स्किमर म्हणजे काय? वरण शिजताना वर फेस येतो तो आपण डावाने काढतो ना, तेच. हे यंत्र पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं, त्यांना घाण चिकटते आणि फेस होऊन वरच्या कपात जमा होते. एरवी ते संपमध्ये बसवतात. माझं टाकीच्या पाठीला टांगलेलं आहे. दुसऱ्या बाजूला एक टांगता फिल्टर, आणि आत लाटा करणारे दोन छोटे पंप. त्यांतल्या एकाचं तोंड थोडं वर केलेलं आहे, म्हणजे पृष्ठभाग हलता राहतो, तेलकट साय धरत नाही आणि हवा पाण्यात मिसळते. पाठीमागे यंत्रं दिसतात, त्याला इलाज नाही. आमच्या सौ.चं म्हणणं, फ्रिजच्या मागची बाजू कोण बघतं? लाइटबद्दल फार सांगत नाही, एलईडी आहे, आठ तास चालतो. एकूण वीज दिवसाला एक युनिटच्या थोडी वर. बिल पाहून कोणी घाबरू नये.

संप नसल्याचा खरा तोटा वेगळाच आहे, आणि त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. माझ्या १०५ लिटरमध्ये पावणेचार किलोच्या जवळपास झाले. हे मुद्दल. ते टाकीतच राहतं. पाणी मात्र चालू खात्यासारखं, रोज थोडं बाहेर. मे महिन्यात पंखा लावला की दिवसाला दोन लिटर उडतात. पाच दिवस कोणी पाहिलं नाही तर दहा लिटर गेले, आणि तेच मीठ ९५ लिटरमध्ये उरलं. पस्तीसचे जवळजवळ एकोणचाळीस झाले. मोठा संप असेल तर पाण्याचा साठा मोठा, आणि पातळी उतरते ती खाली, लपलेल्या टाकीत. माझ्याकडे ती समोर दिसते, काचेवर पांढरी रेघ सोडून जाते, आणि मासे ती सोसतात.

उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घालायचं, खारं नाही. ही एक गोष्ट मी प्रत्येकाला तीन-तीनदा सांगतो. आणि गोडं म्हणजे नळाचं नव्हे, कारण त्यात क्लोरीन असतो, शिवाय शेवाळ वाढवणारे इतर क्षार. आरओच्या पुढे आणखी एक गाळणी लावून, टीडीएस मीटरवर शून्य दिसेपर्यंत शुद्ध केलेलं. आरओतून बाहेर पडणारं जास्तीचं पाणी आम्ही फरशी पुसायला वापरतो, तेव्हा पाणी समितीने माझ्याकडे असं बघू नये.

आपोआप पाणी भरणारं यंत्र मिळतं. पातळी उतरली की सेन्सर छोट्या पंपाला सांगतो. मी तेही ठेवलं आहे, पण त्याच्या बादलीत एका वेळी ५ लिटरच भरतो. सेन्सर अडकून सगळं पाणी आत ओतलं गेलं तरी पस्तीसचे साडेतेहेतीस होतील, मासे तग धरतील. पातळी पाऊण इंचही वाढणार नाही, आणि टाकी वरून दीड इंच मोकळी आहे, म्हणजे सांडायचा प्रश्न नाही. बँकेत आम्ही प्रत्येक खिडकीला रक्कम काढण्याची मर्यादा ठेवायचो, त्यातलाच प्रकार.

“खाडी एवढी जवळ आहे, मग मीठ विकत कशाला?” हेही विचारतात. खाडीचं पाणी गाळाचं आणि सांडपाण्याचं, पावसाळ्यात तर अर्धं गोडं झालेलं. आणि मिठागरातलं मीठ म्हणजे बहुतेक नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट हेही असतात. त्या सगळ्याचं तयार मिश्रण मिळतं. दर रविवारी दहा लिटर नवं पाणी बनवायचं, दहा लिटर जुनं काढायचं. तेही जिन्यातल्या कुंड्यांना नाही हं, खारं आहे. ते मोरीत.

१२ ऑक्टोबर २०२० तुम्हाला आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे एकदम वीज गेली. लॉकडाऊनचे दिवस, सगळे घरात. आपला जनरेटर लिफ्ट आणि पाण्याच्या पंपापुरता. अशा वेळी मासे भुकेने किंवा घाणीने मरत नाहीत, आधी पाण्यातला प्राणवायू संपतो. माझ्याकडे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप होता, शंभर-दोनशे रुपयांत मिळतो त्यातला. तो सोडला, लाइट तर बंदच होता, खाणं दिलं नाही, आणि दर तासाला थर्मामीटर पाहिला. दुपारी खालून वहिनींचा फोन आला, “भाऊजी, छत कोरडं आहे. मासे कसे आहेत?” वीज आली तोपर्यंत सगळे जिवंत होते.

आता तो प्रश्न, जो माझी नात मला विचारते. ती तेव्हा आठवीत होती. म्हणाली, “आजोबा, याला तुम्ही रीफ म्हणता, पण यात प्रवाळ कुठे आहे?”

नाही. माझ्या टाकीत प्रवाळ नाही. कोरडे दगड आहेत, त्यावर जांभळट-गुलाबी शेवाळाचा थर चढला आहे, वाळूत गोगलगायी आहेत, एक कोळंबी आहे जी माशांचं अंग साफ करते. दगड विकत घेतानाही मी समुद्रातून उपसलेला घेतला नाही. २००१ साली सरकारने दगडी प्रवाळांच्या सगळ्या जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या. समुद्रपंखे, काळं प्रवाळ, समुद्री घोडे हेही त्याच यादीत. वाघ ज्या यादीत आहे ती ही यादी. गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षं कैद. असं असून एका दुकानात मला फ्रीजमधून मिठाई काढावी तसा प्रवाळाचा तुकडा काढून दाखवला गेला. मी म्हटलं, बिल द्या. तो हसला, “काका, याचं बिल नसतं.” अडतीस वर्षं ज्याने व्हाउचरशिवाय एंट्री केली नाही त्याला हे सांगायचं म्हणजे कमाल झाली. मी नमस्कार करून बाहेर पडलो.

नातीला हे पटायला वेळ लागला. इंटरनेटवर परदेशातल्या टाक्या तिने पाहिलेल्या, रंगांची नुसती दिवाळी. त्यापुढे आजोबांचे दगड म्हणजे फारच साधे. ती दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती, आणि मलाही आत कुठेतरी वाटत होतं की एवढासा एक तुकडा, कोणाला कळणार आहे? पण कोस्टल रोडचं काम निघालं तेव्हा हाजी अली आणि वरळीकडच्या प्रवाळांच्या वसाहती शास्त्रज्ञांना बोलावून, परवानग्या घेऊन, कुलाब्याकडे हलवाव्या लागल्या, ही बातमी आली. ती मी तिला वाचायला दिली. आपल्या मुंबईच्या गढूळ पाण्यात प्रवाळ आहे हेच तिला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर आपल्यापैकी कितीजणांना आहे?

पुढच्या सुट्टीत आम्ही तिला मालवणला घेऊन गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहे, आणि मुखवटा लावून वरून पाहता येतं. मी होडीतच बसलो, गुडघे ऐकत नाहीत. ती वर आली ती बोलायलाच तयार नाही. मग म्हणाली, “आजोबा, ते तुमच्या दगडांसारखेच दिसतात. फक्त जिवंत आहेत.” हे कौतुक होतं की नव्हतं ते मी अजून ठरवलेलं नाही.

तेव्हापासून टाकीच्या तापमानाची वही तिच्याकडे आहे. पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचं असतं. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच बत्तीस-तेहेतीसवर जाते. पाण्यावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पावसाळ्यात हवा दमट, पाणी उडतच नाही, मग पंखाही निरुपयोगी. तेव्हा खोलीचा एसी लावावा लागतो. चिलर मिळतो, पण महाग, आणि गरम हवा खोलीतच सोडतो. मासे अठ्ठावीस-एकोणतीस सोसतात. प्रवाळाचं गणित वेगळं. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एक-दोन अंशांनी जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तर त्याच्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. लक्षद्वीपला हे १९९८ला झालं, २०१०ला झालं, २०१६ला झालं. नातीने वहीत स्वतःच्या नोंदींखाली ही तीन सालं लाल शाईने लिहून ठेवली आहेत. मी सांगितलं नव्हतं.

कमी माशांबद्दल एक वाक्य. संप नाही म्हणजे साठा लहान, तेव्हा मासे मोजकेच. माझ्याकडे तीन आहेत. दोन क्लाउन आणि एक फायरफिश, जो उडी मारतो म्हणून वर जाळी आहे. क्लाउन मासे घरच्या पैदाशीचे मिळतात. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्यांच्या प्रजननाचं तंत्र इथेच बसवलं आहे. त्यांची गंमत म्हणजे सगळे पिल्लू असताना नरच होऊ शकतात, आणि जोडीतला जो मोठा आणि दांडगा तो मादी होतो. घर तीच चालवते. आमच्या सौ. यावर म्हणतात की यात नवीन काय आहे.

खर्च विचाराल म्हणून सांगतो. सुरुवातीला सगळं धरून चाळीस हजारांच्या आसपास गेले, आता महिन्याला दीड हजार. रोजची वीस मिनिटं, रविवारचा एक तास. आणि कुठे गावाला जायचं तर घरात कोणीतरी लागतं.

त्याची सोय झाली आहे. आम्ही बाहेरगावी गेलो की किल्ली खालच्या वहिनींकडे असते. सात बाटल्या गोड्या पाण्याच्या, प्रत्येकीवर वार लिहिलेला, आणि खाण्याच्या सात पुड्या, औषधासारख्या. पहिल्या वेळी मी फोनवर विचारलं, “वहिनी, एका पुडीपेक्षा जास्त नाही ना घातली?” त्या म्हणाल्या, “भाऊजी, मी पुडी मोजून घालते, आणि मग खाली जाऊन माझं छत बघते.” अजूनही त्या दोन्ही गोष्टी करतात.

सेक्रेटरीसाहेब घड्याळ दाखवत आहेत. टाकी पाहायला कधीही या, फक्त काचेवर टकटक करू नका. लहान मुलांना रविवारी सकाळी दहाला आणा, तेव्हा पाणी बदलायचं काम चालू असतं आणि मला बादली धरायला माणूस हवा असतो.